शेततळ्यातील मासे काढण्यापूर्वी : जाळे, दोरी आणि बर्फ



अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत आज गावोगावी शेततळी दिसतात. 2016 मध्ये राज्यात ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू झाली आणि त्यांची संख्या वाढली. खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारट असल्याने पावसाचे गोडे पाणी साठविणारे तळे हाच हरभऱ्याच्या ओलिताचा आधार असतो. याच पाण्यात अनेकजण कटला, रोहू, मृगळ, सायप्रिनस यांची बोटुकली सोडतात. खर्च थोडा आणि पाणी तर साठविलेलेच असते.

मत्स्यबीज कोठून आणावे, किती सोडावे, खाद्य कोणते द्यावे याची चौकशी शेतकरी आवर्जून करतात. मासे बाहेर कसे काढणार, हे मात्र फेब्रुवारी उजाडेपर्यंत फारसे कोणी विचारत नाही. मग घाईने कोठून तरी जाळे आणले जाते. ते तोकडे पडते, अर्धे मासे खालून निसटतात, सापडलेले उन्हात मऊ पडतात आणि व्यापारी पडेल तो भाव देतो. कधी कधी निसरड्या प्लॅस्टिकवरून माणूस पाण्यात घसरतो आणि नुकसान पैशापुरते राहत नाही. कापूस वेचणीआधी गोणपाट आणि मजूर यांची सोय आपण करतो, तशीच माशांच्या काढणीची तयारीही आधी करावी. त्यासाठी काय काय लागते आणि का लागते, हे या लेखात पाहू.

आधी माशाची सवय ओळखा

साहित्याची निवड माशाच्या सवयीवरून करावी. कटल्याचे तोंड वर वळलेले असते. तो वरच्या थरात चरतो आणि जाळ्याचा दाब जाणवताच उडी मारून पलीकडे जातो. चंदेरा मासा उड्या मारण्यात त्याच्याही पुढे आहे. रोहू मधल्या थरात राहतो. मृगळ तळाशी चरतो. सायप्रिनस तर तळाची माती उकरून खातो. जाळे जवळ आले की हे दोघे चिखलाला चिकटून खालच्या दोरीखालून निघून जातात. म्हणजे एकाच तळ्यात जाळ्याची वरची कड उंच धरावी लागते आणि खालची कड तळाला घट्ट टेकलेली ठेवावी लागते. पुढे सांगितलेली बहुतेक काळजी या एका गोष्टीसाठी आहे.

पाण्याचा हिशेब आणि काढणीचा दिवस

शेततळे मुळात संरक्षित ओलितासाठी आहे. त्यामुळे मासे कधी काढायचे हे हरभऱ्याच्या पाण्यावर ठरते. वर 30 बाय 30 मीटर, खोली 3 मीटर आणि उतार एकास एक असे तळे धरू. त्याचा तळ 24 बाय 24 मीटर भरतो आणि काठोकाठ भरल्यावर त्यात सुमारे 2196 घनमीटर पाणी मावते. पाण्याची खोली निम्मी, म्हणजे दीड मीटर राहिली की पाणी निम्मे राहत नाही. ते सुमारे 976 घनमीटर म्हणजे निम्म्याहूनही कमी असते, कारण तळे खाली निमुळते होत जाते. एक मीटर खोलीला सुमारे 625 घनमीटर उरते.

एक हेक्टर क्षेत्राला 5 सेंटिमीटर पाणी द्यायचे तर 500 घनमीटर लागते. फांद्या फुटताना एक आणि घाटे भरताना एक अशा दोन ओलितांना 1000 घनमीटर खर्च होते. बाष्पीभवन आणि पाझर यांची घट वेगळी. म्हणून दुसरे पाणी दिल्यानंतर तळ्यात निदान एक मीटर पाणी राहील असा हिशेब आधीच करावा आणि शेताच्या वाट्याला किती पाणी ते ठरवून घ्यावे. पाणी एक मीटरच्या खाली गेले की ते लवकर तापते, त्यातील प्राणवायू कमी होतो आणि मासे मरू लागतात.

यातून काढणीचा योग्य काळही कळतो. शेवटचे ओलीत होऊन पाणी दीड मीटरच्या आसपास आले की जाळे ओढणे सोपे जाते. हलक्या जमिनीतील तळे लवकर आटते, भारी काळ्या जमिनीतील किंवा अस्तर असलेले तळे मार्चपर्यंत पाणी धरते. तरीही एप्रिलच्या उन्हाची वाट पाहू नये. उन्हाळ्यात बर्फ अधिक लागतो आणि मासा कमी टिकतो.

ओलिताच्या पंपाच्या फूटव्हॉल्व्हला बारीक आसाची जाळी बांधावी, नाहीतर लहान मासे पंपात ओढले जातात. पाणी आत येण्याच्या आणि सांडव्याच्या तोंडालाही जाळी हवी. आतल्या तोंडाची जाळी मरळीसारखे शिकारी मासे बाहेर ठेवते, सांडव्याची जाळी आपले मासे आत ठेवते. ही जाळी पावसाळ्यात काडीकचऱ्याने तुंबते, म्हणून पाऊस झाला की ती झाडून घ्यावी.

ओढजाळे : माप कसे ठरवावे

मुख्य काढणीसाठी ओढजाळे लागते. त्याच्या वरच्या दोरीला बोये आणि खालच्या दोरीला शिसे बांधलेले असते. त्याचे माप ठरविताना दोन नियम लक्षात ठेवावेत. जाळ्याची लांबी पाण्याच्या रुंदीच्या दीडपट असावी आणि उंची पाण्याच्या खोलीच्या दीडपट असावी. ओढताना जाळे सरळ भिंतीसारखे राहत नाही, त्याला पोट येते. ते पोट धरण्यासाठी हा जादा भाग लागतो. रुंदीएवढेच जाळे आणले तर ते ओढताना तणते, खालची कड तळापासून उचलली जाते आणि मृगळ निघून जातो.

वरील तळ्याचेच उदाहरण घ्या. काठोकाठ भरलेल्या तळ्याला 45 मीटर लांब आणि साडेचार मीटर उंच जाळे लागेल. पाणी दीड मीटरवर आल्यावर पाण्याची रुंदी 27 मीटर राहते. मग साधारण 40 मीटर लांब आणि अडीच मीटर उंच जाळे पुरते. जाळे लहान म्हणजे खर्च कमी आणि ओढायला माणसेही कमी.

दुसरी गोष्ट आसाची. आस म्हणजे जाळ्याचे भोक. ते ताणून मोजावे. अर्धा किलोच्या पुढच्या माशांसाठी ताणलेला आस 30 ते 40 मिलिमीटर असावा. माशाचे डोके आसात शिरता कामा नये, ही खूण पक्की. डोके शिरले की कल्ल्यांत धागा अडकतो आणि मासा तेथेच मरतो. उलट आस फार बारीक असेल तर जाळे पाण्यात जड होते आणि ओढवत नाही. मिळाल्यास बिनगाठीचे जाळे घ्यावे. गाठींनी खवले निघतात आणि खवले निघालेला मासा बाजारात मागे पडतो.

धरणावर वापरतात ते गिलनेट शेततळ्यासाठी घेऊ नये. त्यात मासा कल्ल्यांनीच अडकतो आणि बराच वेळ राहिल्यास मरतो. जिवंत मासा विकायचा असेल किंवा लहान मासे परत सोडायचे असतील, तर ते कामाचे नाही.

अस्तराचे तळे आणि मातीचे तळे

तळ्याला 500 मायक्रॉनचे अस्तर असेल तर तळ गुळगुळीत असतो आणि जाळे चांगले सरकते. परंतु टोकदार शिसे, लोखंडी साखळी, बांबूचे उघडे टोक, बादलीची कडी यांपैकी कशानेही अस्तर फाटू शकते. मासे विकून मिळालेला पैसा मग अस्तराच्या डागडुजीत जातो. म्हणून शिसे गोल आणि गुळगुळीत असावे, नाहीतर खालची दोरी जाड कापडात गुंडाळून शिवून घ्यावी. बांबूच्या टोकांना चिंध्या बांधाव्यात. पाण्यात उतरणाऱ्याने कडे, घड्याळ आणि चपला काठावर ठेवाव्यात.

काळ्या मातीच्या तळ्यात अडचण वेगळी येते. जड शिसे चिखलात रुतते, जाळ्यात मासे येण्याआधी गाळच भरतो आणि दहा माणसांनाही ते हलत नाही. अशा तळ्यासाठी शिसे कमी करावे आणि खालच्या दोरीला काथ्याच्या किंवा सुताच्या जाड दोरीचे तीन-चार पदर जोडावेत. ही दोरी पाणी पिऊन जड होते, तळाला टेकते, परंतु रुतत नाही. तळ्यात झुडपांची खुंटे किंवा दगड राहिले असतील तर ते उन्हाळ्यात तळे कोरडे असतानाच काढून टाकावेत. एक खुंट सगळे जाळे फाडू शकतो.

दोन्ही प्रकारांत जाळ्याच्या प्रत्येक टोकाला किमान 15 मीटर लांबीच्या दोऱ्या जोडून घ्याव्यात. म्हणजे दोन्ही काठांवरून जाळे ओढता येते आणि खोल पाण्यात उतरण्याची गरज कमी पडते.

फेकजाळे, हापा आणि ताणकाटा

ओढजाळे वर्षातून थोडे दिवस लागते. फेकजाळे मात्र दर महिन्याला कामी येते. ज्या जागी रोज खाद्य टाकता तेथे खाद्याच्या वेळी फेकजाळे टाकावे, पंधरा-वीस मासे धरून त्यांचे वजन करावे आणि ते लगेच सोडून द्यावेत. यासाठी दहा किलोचा ताणकाटा, तळाला भोके असलेली बादली आणि एक वही पुरते. समजा, तळ्यात 400 मासे आहेत आणि सरासरी वजन 200 ग्रॅम भरले. एकूण वजन 80 किलो झाले. त्याच्या 2 टक्के म्हणजे 1.6 किलो खाद्य रोज द्यावे. वजन न करता अंदाजाने ढेप टाकत गेल्यास ती तळाशी कुजते आणि पाणी बिघडते. माशांच्या अंगावर उवा किंवा लाल चट्टे असतील तर तेही याच वेळी दिसतात.

हापा म्हणजे बारीक जाळीची चौकोनी पेटी. ती चार बांबूंना बांधून पाण्यात उभी करतात. अस्तराच्या तळ्यात बांबू रोवता येत नाहीत, तेथे हापा काठावरील खुंट्यांना दोरीने ताणून बांधावा. जुलैत बोटुकली आणल्यावर त्यांची पिशवी तळ्याच्या पाण्यावर पंधरा-वीस मिनिटे तरंगत ठेवून मग ती हाप्यात सोडावीत. दुसऱ्या दिवशी मेलेली मोजून काढावीत आणि उरलेली तळ्यात सोडावीत. म्हणजे तळ्यात नेमके किती गेले याचा आकडा मिळतो. काढणीच्या वेळी हाच हापा जिवंत मासे गिऱ्हाईक येईपर्यंत ठेवण्यास उपयोगी पडतो. त्यासाठी मात्र जाळी थोडी मोठ्या आसाची असावी.

एक मासा घरापुरता : गळ

घरी पाहुणा आला म्हणून कोणी जाळे काढत नाही. त्यासाठी गळ पुरतो. नायलॉनची बारीक पण मजबूत दोरी, लहान गळ, एक तरंग आणि थोडे शिसे एवढेच साहित्य. आमिष म्हणून कणकेत थोडी ढेप मिसळून घट्ट गोळी करावी. कार्प माशांच्या जबड्यात दात नसतात. ते खाद्य ओढून घेतात, म्हणून गळ लहान आणि गोळी मऊ असावी. मृगळ आणि सायप्रिनससाठी गोळी तळाला टेकवावी, रोहूसाठी मध्ये ठेवावी, कटल्यासाठी तरंगाच्या जवळ वर ठेवावी. सायप्रिनस गांडुळालाही येतो. अस्तराच्या तळ्यात मात्र गळ टाकूच नये. तो प्लॅस्टिकमध्ये रुतला की भोक पडते. तेथे फेकजाळेच वापरावे.

गळ घेऊन महानच्या काटेपूर्णा जलाशयावर किंवा मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा धरणावर जाण्याचा बेत असेल, तर आधी विचारून जावे. जलाशयातील मासेमारी ठेक्याने दिलेली असते. ते मासे ज्यांनी बीज सोडले त्यांचे असतात. काटेपूर्णा परिसरात अभयारण्य असल्याने तेथे वनविभागाचे नियमही पाळावे लागतात.

सर्वांत आधीचे साहित्य : जिवाची दोरी

हा भाग कोणीही वाचल्याशिवाय सोडू नये. अस्तराच्या तळ्याचा उतार ओला झाला की त्यावर पाय ठरत नाही. त्यावर शेवाळ धरते. घसरलेला माणूस पोहणारा असला तरी त्याला वर चढता येत नाही, कारण हाताला धरायला काही नसते. तो दमतो आणि बुडतो. त्याला वाचवायला दुसरा उडी मारतो आणि दोघेही अडकतात.

म्हणून काठावर मजबूत खुंट्या रोवून चारही बाजूंनी गाठी मारलेल्या जाड दोऱ्या पाण्यापर्यंत सोडून ठेवाव्यात. त्या काढणीच्या दिवसापुरत्या नव्हेत, बाराही महिने तेथेच असाव्यात. ट्रॅक्टरच्या चाकाची हवा भरलेली ट्यूब लांब दोरी बांधून काठावर ठेवावी. एका बाजूला दोरीची शिडी असावी. तळ्याभोवती कुंपण घालावे आणि लहान मुलांना एकटे जाऊ देऊ नये. कोणी पडल्यास आधी ट्यूब आणि दोरी फेकावी, स्वतः उडी मारू नये. काढणीच्या दिवशी काठावर दोन माणसे केवळ लक्ष ठेवण्यासाठी असावीत. दारू प्यालेल्या माणसाला, तो कितीही पट्टीचा पोहणारा असो, पाण्यात उतरू देऊ नये.

काढणीचा दिवस

आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवावे. पोट रिकामे असलेला मासा अधिक टिकतो आणि पाणीही कमी बिघडते. काम पहाटे सुरू करावे. मात्र पाण्यावर आल्याबरोबर मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करताना दिसले, तर त्या वेळी जाळे टाकू नये. प्राणवायू कमी पडल्याची ती खूण आहे. अशा वेळी ताजे पाणी सोडावे किंवा पंपाने तळ्यातलेच पाणी उंचावरून परत तळ्यात पाडावे आणि मासे खाली गेल्यावरच जाळ्याला हात घालावा.

वरील मापाच्या जाळ्याला सात-आठ माणसे लागतात. दोन्ही टोकांवर दोन-दोन माणसे ओढायला, दोघे मागून खालची दोरी तळाला टेकलेली आहे की नाही हे पाहायला आणि एक-दोघे बोयांची दोरी वर उचलून धरायला. ओढ सावकाश आणि दोन्ही बाजूंनी सारखी असावी. जाळे काठाला येताना खालची दोरी आधी बाहेर ओढावी, म्हणजे तळाचे मासे जाळ्याच्या पोटात येतात. याच क्षणी कटला उडी मारतो, म्हणून बोयांची दोरी पाण्याच्या वर हातभर उंच धरावी. लहान मासे हाताने फार न चिवळता लगेच परत सोडावेत. पाणी ढवळल्यामुळे माशांचा दम कोंडतो. त्यासाठी दुसरी ओढ तासाभराने घ्यावी.

बर्फ आणि पेट्या

आता विक्रीचा हिशेब करू. 900 चौरस मीटरच्या तळ्यात हेक्टरी 5000 प्रमाणे 450 ते 500 बोटुकली सोडली, त्यांतील 400 जगली आणि सरासरी 600 ग्रॅमची झाली असे समजा. एकूण 240 किलो मासे झाले. मार्चच्या उन्हात एक किलो माशाला एक किलो बर्फ लागतो. सगळे एकाच दिवशी काढले तर 240 किलो बर्फ हवा आणि गावात तेवढे गिऱ्हाईकही हवे. म्हणून मोठे मासे आधी, बाकीचे पुढे, असे चार वेळा 60-60 किलो काढावेत. ज्या पेटीत 30 किलो वजन मावते तिच्यात 15 किलोच मासे बसतात, उरलेली जागा बर्फाची. म्हणजे एका खेपेला चार पेट्या पुरतात. तळावरच जिवंत मासे विकले गेले तर बर्फ आणखी कमी लागतो.

पेटीत तळाला बर्फ, मग माशांचा थर, पुन्हा बर्फ, असे रचावे आणि सर्वांत वर बर्फच ठेवावा. बर्फ गोणपाटात घालून लाकडी ठोकळ्याने बारीक करावा. मोठे खडे माशाला टोचतात आणि मध्ये पोकळी राहते. पेटीच्या तळाला भोक ठेवावे, वितळलेल्या पाण्यात मासा बुडून राहू नये. बर्फ आदल्या दिवशी सांगून ठेवावा आणि व्यापाऱ्याशी भाव जाळे टाकण्याआधीच ठरवावा. मासा पाण्यात असतो तोवर आपण थांबू शकतो. एकदा तो बाहेर आला की घाई आपल्याला असते.

जाळे कोणाचे आणि निगा कशी

एका तळ्यासाठी ओढजाळे विकत घेणे परवडत नाही. गावातील पाच-सहा तळेधारकांनी मिळून एक जाळे घ्यावे आणि काढणीच्या तारखा आपसांत वाटून घ्याव्यात. किंवा परिसरातील भोई बांधवांना बोलवावे. त्यांच्याकडे जाळी आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा हात आहे. मजुरी की माशांतील वाटा, वजन कोण करणार, फाटलेल्या अस्तराची जबाबदारी कोणाची, हे आधी बोलून घ्यावे. म्हणजे पुढे वाद होत नाही.

दुसऱ्या तळ्यावरून आलेले जाळे थेट पाण्यात टाकू नये. त्याबरोबर माशांच्या उवा आणि रोग येतात. ते आधी धुऊन एक-दोन दिवस कडक उन्हात पूर्ण वाळवावे. एरवी आपले जाळे वापरानंतर स्वच्छ पाण्याने धुवावे, सावलीत वाळवावे आणि उंदरांपासून दूर टांगून ठेवावे. रोजच्या उन्हाने नायलॉन ठिसूळ होते. फाटलेला आस त्याच आठवड्यात विणून घ्यावा. हाताएवढ्या भोकातून सगळे मासे जाऊ शकतात.

10 जुलै 1957 रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांना ओरिसातील अंगुल येथे प्रेरित प्रजननाने भारतीय कार्पचे बीज मिळविण्यात यश आले. त्यामुळे पूर्वी नद्यांतून गोळा करावे लागणारे बीज आज पाहिजे तेव्हा मिळते. आपल्याकडे बोटुकली सोडण्याचा हंगामही जुलैचाच. त्याच दिवशी वहीच्या पहिल्या पानावर ही यादी लिहावी : काठावरच्या दोऱ्या आणि ट्यूब, फूटव्हॉल्व्ह व सांडव्याची जाळी, हापा, फेकजाळे, ताणकाटा, ओढजाळ्याचे माप आणि ते कोणाकडून येणार, बर्फ व पेट्या. दोऱ्या आणि ट्यूब यांपुढे बरोबरची खूण झाल्याशिवाय तळ्यात पाणी घेऊ नये. बाकीच्या वस्तूंची सोय दिवाळीपर्यंत करावी. अधिक माहितीसाठी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाशी किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राशी संपर्क साधावा.